जुन्या नावाची ओळ

प्रेमनं राउटरची वायर काढली, घड्याळात किती वाजले ते वहीत टिपलं आणि मगच कोकिळाचा कोड चालवला.

ही तिसरी खेप होती. पहिल्यांदा वायर लावलेलीच ठेवून त्यानं पाहिलं होतं, की हा कोड चोरून कुठे निरोप धाडतो का. दुसऱ्यांदा बायकोचा जुना लॅपटॉप घेऊन पाहिलं. आज वायरच काढली. बाहेरची वाट बंद झाली की आतला चोर कुठे ना कुठे धडपडतोच, असा त्याचा कयास होता. कोड मात्र कुठेच धडपडला नाही. खोट्या डेटाबेसचं नाव 'जुना' होतं ते 'नवा' झालं, आतल्या दहा हजार नोंदी जागच्या जागी राहिल्या आणि पडद्यावर एक ओळ आली: एक हलवलं, शून्य पाडलं.

इतकं सरळ काम पाहून त्याचा संशय आणखीच वाढला.

खोली वडिलांच्या बी-बियाण्याच्या दुकानावर होती. मलकापूरच्या त्या गल्लीत प्रेमला लोक 'दुकानावरचा' म्हणत, आणि वर बसून तो नेमकं करतो काय, हे विचारायचं सगळ्यांनी कधीच सोडून दिलं होतं. तो 'आखणी' सांभाळायचा. आपल्याला काय हवं ते एका फाइलीत लिहून द्यायचं, इतके सर्व्हर, एक डेटाबेस, मध्ये अशी अशी भिंत, की आखणी ते सगळं भाड्याच्या यंत्रांवर उभं करून द्यायची. फाइलीतली ओळ पुसली की ती वस्तू पाडून टाकायची. देशभरातल्या शे-दोनशे कंपन्या ती वापरत होत्या, फुकट. प्रेम पोटापुरती इतरांची किरकोळ कामं करायचा आणि बाकीचा सगळा जीव आखणीत ओतायचा.

या आखणीत एक मोठी खोट होती. वस्तूचं नाव बदललं की तिला वाटायचं, जुनी वस्तू नको झाली आणि कुठलीतरी नवी हवी आहे. मग ती जुनी पाडायची आणि नवी कोरी, रिकामी उभी करायची. दूध गोळा करणाऱ्या एका कंपनीतल्या टापटिपीच्या माणसानं आपल्या डेटाबेसचं ओबडधोबड नाव बदलून 'मुख्य' असं केलं आणि पाच वर्षांचं दूध एका क्षणात सांडलं. त्याचा फोन प्रेमलाच आला होता. तो रागावलेला नव्हता, रडत होता. तेव्हापासून लोकांचा एकच धोशा होता: पूर्वी अमुक नावानं जे होतं तेच हे आता तमुक, एवढी एक ओळ आम्हाला लिहिता येऊ द्या. मग आखणी नुसती आपली नोंद बदलील आणि वस्तूला हात लावणार नाही. प्रेमनं दोनदा ते करायला घेतलं आणि दोन्ही वेळा अर्ध्यावर टाकलं.

ते काम आता कुणी कोकिळा नावाची व्यक्ती करून देत होती. फुकट, न मागता, आणि त्याच्यापेक्षा चांगलं. कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्याला वाटलं ते उगीच नव्हे.

"सापडलं का काही?" दारात कपड्यांच्या घड्या घालत डिंपलनं विचारलं. डिंपल त्याची बायको. गेले कित्येक दिवस तिच्या घरात सवतीचं नाव निघावं तसं कोकिळाचं नाव निघत होतं.

"नाही. तेच तं."

"मंग घेऊन टाका ना."

"असं कसं घेऊन टाकू? मागच्या जानेवारीच्या आधी या बाईचा मागमूस नाही कुठं. ना कॉलेज, ना जुनं काम, ना एक फोटो. आणि पहिल्याच दिवशी असं लिहिते, जसं काही पंधरा वर्षं हेच करून राह्यली. माणूस काय आभायातून पडते?"

"बाईमाणूस असंल तं पडते," डिंपल घडी सरळ करत म्हणाली. "सासरी गेली की तवापासूनच तिचा जन्म."

प्रेम हसला नाही. त्याच्या धंद्यात अशा गोष्टी त्यानं वाचल्या होत्या. कुणीतरी गोड स्वभावाचा अनोळखी माणूस वर्ष-दोन वर्षं घरच्यासारखी कामं करतो, मालकाला दमलेलं पाहून म्हणतो, द्या, हेही मी करतो. आणि एकदा किल्ल्या हाती आल्या की हजार घरांची कुलपं एका रात्रीत उघडी. कोकिळाचा स्वभाव गोडच होता. ऑक्टोबरात तिनं हा मोठा बदल पाठवला. त्याच्या एकेका ओळीवर प्रेमनं शेरे मारले, एकशे चाळीस. काही खरे, काही नुसतेच तिला चिडवून पाहायला. ती चिडली नाही. प्रत्येक शेऱ्याला उत्तर आलं, तेही दुपारी एक ते चार या वेळात, आणि बुधवारी कधीच नाही. बुधवारी सुट्टी कोणत्या देशात असते, हेसुद्धा त्यानं शोधून पाहिलं होतं.

ती अडली फक्त एका ठिकाणी. एकदा वस्तू हलवून झाली, की जुन्या नावाची ओळ पुसून टाकावी, उगाच अडगळ कशाला, असं त्यानं लिहिलं होतं. तिनं लिहिलं, नाही. एखादा माणूस दोन वर्षांनी येईल. त्याच्याकडे जुनीच नोंद असेल. मधलं नाव पुसलेलं असलं तर त्याच्यापुरती ती वस्तू मेली. प्रेमनं लिहिलं, दोन वर्षांनी कुणी येत नसतं. तिनं एकच शब्द लिहिला: येतात. तो शेरा तसाच उघडा पडून होता, आणि तो उघडा आहे तोवर बदल मर्ज होणार नव्हता, म्हणजे आखणीत कायमचा मिसळला जाणार नव्हता.

एरवी हे असंच वर्षभर लोंबकळलं असतं. पण बंगळुरूच्या एका कंपनीला आखणी हवी होती, हा बदल झालेली आखणी, आणि आखणीसकट प्रेमही हवा होता. मूळ लेखक म्हणून पक्की नोकरी, आणि ती मलकापुरात बसून करायची. अट एवढीच, की ज्या ज्या माणसानं आखणीत ओळ लिहिली त्या प्रत्येकाच्या सहीचा कागद द्यायचा: नाव, पत्ता, कोणता भाग लिहिला, कधीपासून. कागद छापील, शाईनं भरलेला, खाडाखोड चालणार नाही. प्रेमनं पहिला कागद स्वतःचा भरला. मूळ लेखक, पहिल्या ओळीपासून, ऑक्टोबर २०१४. कॉलेजात सोबत एक मुलगी होती, रुपाली. पण ती लग्न होऊन गेली ती गेलीच, त्यामुळे तिच्या नावाचाही एक कागद लागेल, हे त्याच्या मनात आलंसुद्धा नाही. बाकीच्या अकरा जणांचे कागद पोस्टानं आले. राहिली कोकिळा.

तिनं आधी व्हिडिओवर बोलायला नकार दिला. मग पत्ता पाठवला: कोकिळा राम ठेंग, मुक्काम उंद्री, तालुका चिखली.

प्रेमनं पत्ता वाचला आणि खुर्ची मागे सरकवली. रशियातला पत्ता आला असता तर तो इतका दचकला नसता. त्याच्याच जिल्ह्यातला, दोन-अडीच तासांच्या वाटेवरचा. ज्याला आपला विश्वास कमवायचा आहे तो आणखी कुठला पत्ता देईल? ओसरी दिली की पाय पसरायला असंच कुणीतरी गावचं निघतं. शुक्रवारी सगळे कागद कुरिअरनं जायचे होते. गुरुवारी सकाळी न कळवता त्यानं मोटरसायकल काढली. पाठीवरच्या बॅगेत कागदांचं पाकीट होतं आणि दुपारी एकलाच उंद्रीत पोचायचं, असं त्यानं मुद्दाम ठरवलं होतं. चोर पकडायचा तर त्याच्या कामाच्या वेळेला पकडावा.

नांदुरा, खामगाव मागे पडलं. उंद्रीच्या स्टँडवर एका हॉटेलवाल्याला त्यानं विचारलं, कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या कोकिळा ठेंग कुठे राहतात.

"कॉम्प्युटरचं?" हॉटेलवाल्यानं भज्यांचा घाणा काढता काढता त्याला वरखाली पाहिलं. "कोकिळा म्हनजे मोतीरामची सून. पन ते तं भाजीवाले हायेत. कॉम्प्युटर कायले असंल त्यायच्या घरी?"

प्रेमला एकदम उलगडा झाला. म्हणजे खरंच होतं तर. भाजीवाल्याच्या सुनेचं नाव-पत्ता उचलून कुणी तिसराच मागे बसला होता. आता फक्त त्या बिचारीला भेटायचं, तिला यातलं काही ठाऊक नाही हे तिच्या तोंडून ऐकायचं आणि परत जाऊन सगळं उडवून लावायचं.

घर गावाच्या शेवटी, शेताला लागून होतं. अंगणात मेथीचा ढीग पडला होता आणि साठीची एक बाई पोत्यावर बसून भराभर जुड्या बांधत होती. फाटक वाजलं तरी तिचे हात थांबले नाहीत.

"कोन पाह्यजे?"

"कोकिळा ठेंग इथंच राहतात ना? मी मलकापूरहून आलो. कंपनीच्या कामानं."

"कोनत्या कंपनीच्या?"

आता आखणीची कंपनी म्हणजे काय हे या बाईला कसं सांगावं, याचा विचार करण्यात प्रेमचे दोन क्षण गेले. तेवढे तिला पुरले. तिनं सुतळी खाली ठेवली.

"परवा असाच एक आलता. आधारचा नंबर सांगा म्हने. म्या देल्ला नाही. तुमचं कार्ड-बिर्ड काही हाये का?"

"कार्ड नाही, पण—"

"मंग फोटोवालं काही दाखवा. लायसन असंल."

प्रेमनं निमूट लायसन्स काढून दिलं. अन्नपूर्णाबाईंनी, म्हणजे कोकिळाच्या सासूबाईंनी, ते उन्हात धरलं, फोटोकडे पाहिलं, प्रेमकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. केस गेल्यामुळे त्याचा फोटो आता त्याच्याशी फारसा जुळत नव्हता आणि ते त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"आमच्या सूनबाईले कसे ओयखता तुमी?"

"ओळखत नाही. तेच पाहायला आलो."

हे उत्तर काही बरं झालं नाही. बाईंनी लायसन्स परत न देता पदराखाली धरलं आणि आत तोंड करून हाक मारली. दुपारचा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. आत कुठेतरी लॅपटॉपचं झाकण मिटल्याचा आवाज झाला. तो आवाज प्रेम झोपेतही ओळखला असता.

गाऊनवर ओढणी घेतलेली एक बाई दारात आली आणि उंबऱ्यावरच थांबली. चेहरा भरलेला, डोळ्यांना चष्मा. प्रेमनं तिला पाहिलं आणि त्याच्या तोंडून अर्धंच नाव निघालं.

"रुपा—"

"आई, सर आहेत हे माझे," ती घाईनं म्हणाली. "ज्यायच्या कामाचं मी दुपारी करते ना, ते. या सर, बसा. त्यायचं कार्ड द्या आई."

अन्नपूर्णाबाईंनी लायसन्स परत दिलं, पण खुशीनं नव्हे. चहा ठेवते म्हणून त्या आत गेल्या आणि स्वयंपाकघराचा दरवाजा त्यांनी उघडाच ठेवला.

रुपाली. शेगावच्या कॉलेजात चार वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेली. आखणी हे त्या दोघांचं शेवटच्या वर्षाचं काम होतं. तिचं लग्न झालं तेव्हा प्रेम पुण्यात होता, पत्रिका आली होती, जाणं झालं नाही. मग तिचा नंबर बदलला. पुढे तिचं काय झालं, हे त्यानं कधी विचारलं नाही, आणि आता इथे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्यावर त्याला ते पहिल्यांदाच लागलं.

"कोकिळा?" त्यानं हलक्या आवाजात विचारलं.

"इथं लग्नात नाव बदलतात. यायच्या आत्याचं नाव रुपाली होतं, घरात दोन चालत नाही म्हने." ती खाली बसली आणि मेथीची जुडी हातात घेतली. "आता तेच नाव आहे माझं. खोटं नाही सांगितलं म्या तुले काही."

"सांगितलं काऊन नाही पण? चार महिने झाले. एकशे चाळीस शेरे मारले मी."

"एकशे त्रेचाळीस." तिनं जुडी बांधली. "सांगितलं असतं तं तू वाचलं असतं का? म्हटलं असतं, रुपालीनं केलं ना, मंग चांगलंच असंल. न पाहता घेतलं असतं. नाहीतं वाईट वाटून न पाहताच ठेवून देलं असतं."

"मी तुझा कोड वायर काढून चालवला," प्रेम म्हणाला. हे सांगायची काही गरज नव्हती. पण त्याला मनातून लाज वाटत होती आणि लाजेला कुठेतरी वाट लागते. "बुधवारी सुट्टी कोणत्या देशात असते तेही शोधलं."

"बुधवारी बाजार असते आमचा." ती हसली, तेच कॉलेजातलं, वरचा ओठ दाताखाली धरून. मग एकदम गंभीर झाली. "तू संशय घेतला ते बरं केलं. नऊ वर्षांत माझी एकेक ओळ इतकी बारीक कोनी वाचली नव्हती. रोज एक वाजायची वाट पाह्यची मी. आज काय चूक काढली असंल यानं, म्हनून."

प्रेम ज्याला जाळं समजत होता ते तिच्यासाठी दुपारचे तीन तास होते. साप साप म्हणून त्यानं एवढे दिवस भुई धोपटली, आणि त्या आवाजानंच तिला सोबत केली होती.

"मग पुन्हा का लिहायला लागलीस? एकाएकी?"

तिच्या आणखी दोन जुड्या बांधून झाल्या.

"दोन वर्षांमागं पुण्याच्या एका कंपनीत अर्ज केलता. घरी बसून करायचं काम होतं. मुलाखतीत म्हटलं, आखणीचा गाभा मी लिहिला. काय आहे आनि काय पाहिजे, यातला फरक काढते ना, तो सगळा. त्या मानसानं तिथंच उघडून पाह्यलं. पहिलीच नोंद तुझी. एका दिवसात सतरा हजार ओळी, सगळ्या तुझ्या नावावर. मले काही बोलला नाही तो. पानी घेता का, म्हने."

प्रेमला तो दिवस आठवला. कॉलेजचा सर्व्हर बंद होणार होता. जुना इतिहास, म्हणजे कोणती ओळ कुणी कधी लिहिली त्याची नोंद, नव्या जागी हलवताना काहीतरी अडत होतं, तिचा कॉलेजचा ईमेल मेलेला होता, त्याला झोप आली होती. त्यानं नुसत्या फाइली उचलल्या आणि नव्या जागी कोऱ्या पाटीवर ठेवल्या. म्हटलं, कोण पाहतंय. आणि खरंच इतकी वर्षं कुणी पाहिलं नाही, त्यानं स्वतःसुद्धा.

"मुद्दाम नाही केलं मी."

"माहीत आहे. मुद्दाम केलं असतं तं मी आलीच नसती." तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. "आखणीले हलवता येत नव्हतं तं तुले कुठून येनार?"

आतून अन्नपूर्णाबाई चहा घेऊन आल्या, कप ठेवला, प्रेमच्या बॅगेकडे एकदा पाहिलं आणि दारापाशीच तांदूळ निवडत बसल्या. रुपालीनं आवाज थोडा चढवला आणि 'तू'चं 'तुम्ही' केलं.

"सर, तुमचा एक शेरा उघडा आहे अजून. जुन्या नावाच्या ओळीचा."

"घेतो मी ते. सगळंच घेतो. आत्ता मर्ज करतो."

"तसं नको. पटलं असंल तरच."

प्रेमनं चहाचा घोट घेतला. जुनं नाव पुसलं तर मागून येणाऱ्याला वस्तू सापडत नाही; हे तिनं चार महिन्यांपूर्वीच लिहिलं होतं आणि तेव्हाही ते बरोबरच होतं. त्यानं मोबाइल काढला. रेंजची एकच काडी होती. शेऱ्याखाली त्यानं 'मान्य' असं लिहिलं आणि मर्जचं बटण दाबलं. चाक बराच वेळ फिरत राहिलं, मग थांबलं. तिनं आपल्या मोबाइलवर ते पाहून घेतलं, त्याच्या बोलण्यावर भागवलं नाही.

मग कागद निघाला. नाव, पत्ता, भाग तिनं सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं. 'कधीपासून' या रकान्यावर पेन थांबलं.

"इथं काय लिहू?"

बंगळुरूच्या नोकरीचं तिला काही ठाऊक नव्हतं, की होतं? प्रेमच्या मनात एक ओंगळ विचार येऊन गेला: हे सगळं तिनं या एका रकान्यासाठीच तर केलं नसेल? खरं वर्ष या कागदावर गेलं, की त्याच्या कागदावरचं 'मूळ लेखक' डळमळणार, आणि त्या दोन शब्दांवरच तर नोकरी उभी होती. आपण जिच्या कष्टाचं खाल्लं तिच्याच घरचे वासे मोजतो आहोत, हे त्याला कळत होतं. तरी तो मोजतच होता.

"कोकिळाचं म्हनाल तं मागच्या जानेवारीपासून," तीच म्हणाली. "तेही खोटं नाही."

तिनं वाट मोकळी करून दिली होती. प्रेमनं नुसतं हो म्हणायचं होतं. त्यानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कपातला उरलेला चहा तो पाहत राहिला. तिनं रकाना कोराच ठेवला, खाली सही केली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. मग काहीतरी आठवून तो परत ओढला आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढला.

"तुमी भरा सर, तुमाले वाटंल ते. राग नका मानू फोटोचा. आपल्यापाशी एक असलेलं बरं असते."

"असू दे ना," दारातून अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "आजकाल कोनाचा काही भरोसा नाही."

फाटकापर्यंत कुणी सोडायला आलं नाही. मोटरसायकल सुरू करताना त्यानं वळून पाहिलं तर रुपाली पुन्हा मेथीला बसली होती आणि सासूबाई तिला काहीतरी विचारत होत्या, त्याच्याविषयीच असणार.

खामगावच्या अलीकडे एका टपरीवर तो थांबला. चहा सांगितला, पाकिटातून दोन्ही कागद काढले, तिचा आणि आपला, आणि मोटरसायकलच्या सीटवर शेजारी शेजारी ठेवले. वारा होता म्हणून वर मोबाइल आणि चावी ठेवली. डिंपलला काय सांगायचं, वडिलांना काय सांगायचं, बंगळुरूचा माणूस फोनवर किती वेळ गप्प राहील, हे सगळं त्याच्या मनात फिरून आलं. चहा आला तो निवून गेला. मग त्यानं पेन उघडलं आणि तिच्या कोऱ्या रकान्यात आपल्या कागदावर होतं तेच लिहिलं: ऑक्टोबर २०१४.

लिहिल्यावर छातीवरचं ओझं उतरलं. इतकं बरं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. दोन कागद, दोन नावं, एकच महिना. दोघांनी मिळून केलं, तर दोघांचं. नोकरी गेली तर गेली, पण बहुतेक जाणारही नाही; दोन मूळ लेखक असायला काय हरकत आहे? आपण मोठ्या मनाचे निघालो, असं त्याला वाटलं आणि ते वाटणं त्यानं थोडा वेळ चाखलं. दोन्ही कागदांचा एकत्र फोटो काढून त्यानं तिला पाठवला. खाली लिहिलं: तपासून घे.

उत्तर यायला दहा मिनिटं लागली. सव्वातीन वाजले होते. तिची कामाचीच वेळ होती. शेरा तिनं नेहमीसारखाच लिहिला होता, थोडक्यात आणि कुणाला लागू नये असा.

"माझा ऑक्टोबर बरोबर आहे. तुझा दुरुस्त करशील का? दिवाळीची सुट्टी होती, होस्टेलची मेस बंद होती, गाभा मी त्या पंधरा दिवसांत लिहिला. तू मलकापूरला घरी गेला होतास. तू आलास तो नोव्हेंबरात."

प्रेमनं तो दोनदा वाचला. सांगण्यासारखं काही सापडतं का ते तो शोधू लागला. दिवाळी आठवली, घरचा चिवडा आठवला, परत गेल्यावर तिनं आपल्याकडे लॅपटॉप वळवून 'चालव बरं' म्हटलेलं आठवलं. त्याआधीचं मात्र काहीच आठवलं नाही. आठवणार कसं, तिथे तो नव्हताच.

त्यानं आपल्या कागदावरची 'पहिल्या ओळीपासून' ही अक्षरं पाहिली. त्यावर खाडाखोड चालणार नव्हती. त्यानं आधी टपरीवाल्याला पैसे दिले, मग विचारलं, खामगावात या वेळेला कागद छापून देणारं दुकान कुठे उघडं असेल.